दोन वर्षंवाल्याची वाचली, पाचवाल्याची गेली : आमदारकीचं गणित नेमकं चालतं कसं?

डिसेंबर २०२५ मध्ये सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे यांची बातमी टीव्हीवर दिवसभर फिरत होती. सदनिकेच्या प्रकरणातली दोन वर्षांची शिक्षा अपिलातही कायम राहिली, मंत्रिपद गेलं, पण सर्वोच्च न्यायालयात धाव घेऊन आमदारकी वाचली. मी तेव्हा सावनेरला मावसभावाकडे होतो. चहाचा कप हातात तसाच ठेवून त्याने विचारलं, "भाऊ, याची वाचली. मंग आमच्या सुनीलबाबूची काहून गेली? कायदा तर एकच आहे ना?"

प्रश्न बिनतोड होता. मी दिलेलं उत्तर मात्र फारच तुटक होतं, कारण त्याच्यात स्थगिती, निलंबन, दोषसिद्धी असे तीन-चार शब्द एकापाठोपाठ आले आणि तिसऱ्या शब्दाला त्याने चॅनल बदललं. तेव्हा जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगतो. उदाहरण सावनेरचे माजी आमदार सुनील केदारांचंच घेतो. जिल्हा बँकेच्या रोखे प्रकरणात त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. आमदारकी जाण्याच्या कायद्याचा जवळपास प्रत्येक कोपरा या एका प्रकरणात येऊन जातो.

माणूस कोण?

नागपूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. वडील छत्रपाल ऊर्फ बाबासाहेब केदार हे जिल्ह्यातल्या काँग्रेसचं आणि सहकाराचं मोठं नाव. मुलगा सुनील १९९५ मध्ये सावनेरमधून अपक्ष निवडून आला. १९९९ मध्ये पडला, २००४ मध्ये पुन्हा अपक्ष म्हणूनच आला आणि मग २००९, २०१४, २०१९ असा तीनदा काँग्रेसच्या पंजावर जिंकला. २०१४ची लढत गमतीची होती. भाजपच्या उमेदवाराचा अर्जच छाननीत बाद झाला आणि मोदी लाटेच्या त्या वर्षी सावनेरात कमळ मतपत्रिकेवरच नव्हतं. २०१९च्या शेवटी महाविकास आघाडीचं सरकार आलं, तेव्हा केदार कॅबिनेट मंत्री झाले. पशुसंवर्धन, दुग्धविकास आणि क्रीडा ही खाती त्यांच्याकडे होती.

ग्रामीण नागपुरात काँग्रेसची गाडी ज्यांच्या जिवावर चालते अशा दोन-तीन नावांत केदारांचं नाव पहिलं घेतलं जातं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

या सगळ्या प्रवासाच्या मुळाशी, १९९९ ते २००२ या काळात, ते नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे अध्यक्ष होते. खटला त्याच काळातला.

जिल्हा बँकेने रोखे घ्यायचेच कशाला?

गावातल्या शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं ते गावच्या सेवा सोसायटीतून. सोसायटीला पैसा देते जिल्हा बँक. जिल्हा बँकेच्या वर मुंबईची शिखर बँक. अशी तीन पायऱ्यांची ही रचना आहे. जिल्हा बँकेत ठेवी असतात शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या पगाराच्या, पतसंस्थांच्या, ग्रामपंचायतींच्या.

आता कुठल्याही बँकेला सगळ्या ठेवी कर्जाऊ वाटून मोकळं होता येत नाही. काही हिस्सा सुरक्षित जागी ठेवावाच लागतो आणि सरकारी रोखे ही त्यातली नेहमीची जागा. रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या उसनवारीची चिठ्ठी : इतके पैसे घेतले, अमुक वर्षी परत देऊ, तोवर इतकं व्याज. सरकार बुडत नाही, म्हणून ही चिठ्ठी खात्रीची. तेव्हा बँकेने रोखे घेतले यात वावगं काही नव्हतं. घोळ झाला तो घेण्याच्या पद्धतीत.

जमीन विकत घेताना आपण काय करतो? व्यवहार ठरतो, पैसे देतो, खरेदीखत होतं, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर आपलं नाव चढतं. नाव चढेपर्यंत जिवाला घोर असतो. समजा, दलालाने सगळे पैसे घेतले आणि हातात नुसती पावती ठेवली : "तुमची जमीन घेऊन ठेवली आहे, उतारा पाठवतो." तुम्ही थांबलात. उतारा काही येईना. तरी पुढच्या महिन्यात त्याच दलालाकडून दुसरी जमीन घेतलीत, पुन्हा पावतीवरच. नागपूरच्या बँकेचं साधारण असंच झालं. २००१-०२ मध्ये होम ट्रेडसह पाच खासगी दलाल कंपन्यांमार्फत रोखे घेतले गेले. पैसे बँकेतून गेले, रोखे मात्र बँकेच्या नावावर कधी चढलेच नाहीत.

होम ट्रेड हे नाव पस्तिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. वाशीतली कंपनी, आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन असे तिघेही. कंपनी नक्की करते काय, हे त्या जाहिराती पाहून कुणालाच कळायचं नाही. २००२ मध्ये फुगा फुटला तेव्हा वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचेही हात पोळलेले निघाले. नागपूरचा आकडा या सगळ्यांत भारी होता.

आकड्यांबद्दल एक सांगून ठेवतो, कारण बातम्यांत तो दर वेळी वेगळा दिसतो. कुठे सव्वाशे कोटी, कुठे दीडशे कोटी, कुठे एकदम १,४४४ कोटी. पहिले दोन मुद्दलाच्या आसपासचे आहेत. तिसरा आकडा मुद्दलावर इतक्या वर्षांचं व्याज चढवून आलेला, वसुलीच्या हिशेबातला. दीडशे कोटी आज एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चात निघून जातात, पण २००२ साली एका जिल्हा बँकेसाठी तो कणाच होता. ही बँक पुढे इतकी खिळखिळी झाली की रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळण्याइतकं भांडवलही तिच्याकडे उरलं नाही. २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांना उभं करायला पैसे दिले, त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या : नागपूर, वर्धा आणि बुलढाणा.

एकवीस वर्षं लागली कुठे?

गुन्हा एप्रिल २००२ मध्ये नोंदवला गेला. सीआयडीने त्याच वर्षी नोव्हेंबरात आरोपपत्रही दाखल केलं. म्हणजे तपासात फार वेळ गेला नाही. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी.

मधल्या काळात काय झालं? तेच, जे आपल्याकडे होतं. आरोपी अनेक, गुन्हे अनेक राज्यांत, प्रत्येक ठिकाणी वेगळा खटला. हे खटले एकत्र चालवा म्हणून एका आरोपीची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तिथे फेटाळली गेली. लोकप्रतिनिधींवरचे खटले आरोप निश्चित झाल्यापासून एका वर्षात संपवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्येच सांगितलं होतं. पण घड्याळ आरोप निश्चितीपासून सुरू होतं, आणि आरोप निश्चित होण्यालाच कालमर्यादा नव्हती.

या एकवीस वर्षांत केदार चार वेळा निवडून आले. यावर लोक चिडून विचारतात, खटला चालू असताना निवडणूक लढवूच कशी देतात? उत्तर सरळ आहे. आपल्या कायद्यात नुसत्या आरोपाने अपात्रता येत नाही, दोष सिद्ध व्हावा लागतो. आरोपावर अपात्रता ठेवली, तर निवडणुकीच्या महिनाभर आधी विरोधकावर गुन्हा दाखल करायचा की झालं. मला स्वतःला हा भाग पटतो. न पटणारी गोष्ट वेगळी आहे : त्याच तत्त्वाच्या आडोशाला खटला वीस वर्षं रेंगाळू शकतो, आणि रेंगाळण्यात फायदा कुणाचा हे सांगायला नको.

निकाल शुक्रवारी, आमदारकी शनिवारी

नागपूरचं हिवाळी अधिवेशन २० डिसेंबर २०२३ ला संपलं. विधानभवनही सिव्हिल लाइन्समध्ये आणि जिल्हा न्यायालयही तिथेच. दोन दिवसांनी, शुक्रवारी, अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी केदारांसह सहा जणांना दोषी ठरवलं. पाच वर्षं कारावास आणि साडेबारा लाख रुपये दंड. तिघे निर्दोष सुटले. मुख्य कलम विश्वासघाताचं, म्हणजे दुसऱ्याच्या पैशांची राखण ज्याच्यावर सोपवली त्याने केलेला अपहार. आपण निर्दोष आहोत ही केदारांची भूमिका आधीपासून आहे आणि त्यांनी लगेच अपील केलं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, विधिमंडळ सचिवालयाची अधिसूचना निघाली : सावनेरची जागा २२ डिसेंबरपासून रिक्त.

इतकी घाई कशी? इथे कायद्याचं एक कलम समजून घ्यावं लागेल. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ८. त्यातली तिसरी ओळ म्हणते की कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरून दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली, तर तो माणूस दोषी ठरल्या दिवसापासून अपात्र, आणि सुटका झाल्यावर आणखी सहा वर्षं अपात्र. यासाठी सभागृहात मतदान लागत नाही, अध्यक्षांपुढे सुनावणी होत नाही. पक्षांतराच्या प्रकरणात अध्यक्ष वर्ष-वर्ष बसून राहतात ते आपण पाहिलंच आहे. इथे त्यांना तो वाव नाही. अधिसूचना म्हणजे गेलेल्या आमदारकीची फक्त नोंद.

पूर्वी असं नव्हतं. त्याच कलमात चौथी ओळ होती : विद्यमान आमदार-खासदार असेल तर तीन महिने थांबा, तेवढ्यात त्याने अपील केलं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबा. म्हणजे व्यवहारात, मुदत संपेपर्यंत थांबा. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस या वकील बाईंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही ओळच खोडली. न्यायालयाचं म्हणणं असं की निवडणूक लढवायला जो अपात्र, तो खुर्चीवर बसायलाही अपात्र. दोघांना दोन मापं लावता येणार नाहीत.

मनमोहन सिंग सरकारने ती ओळ परत आणायला अध्यादेश काढायचं ठरवलं होतं. दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये येऊन तो फाडून फेकण्यालायक आहे असं जाहीरपणे कुणी म्हटलं, ते सांगायची गरज नाही. अध्यादेश मागे घेतला गेला. दहा वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, सुरतच्या न्यायालयाने बदनामीच्या खटल्यात बरोबर दोन वर्षांची शिक्षा दिली आणि चोवीस तासांत राहुल गांधींची स्वतःची खासदारकी गेली. तो अध्यादेश झाला असता, तर ती गेली नसती.

शिक्षा वेगळी, दोष वेगळा

आता मावसभावाच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. केदार जानेवारी २०२४ मध्ये जामिनावर बाहेर आले, सत्कार झाले, सभा झाल्या. लोकांना वाटलं, सुटले म्हणजे आमदारकी परत. तसं झालं नाही.

फौजदारी निकालाचे दोन तुकडे असतात. पहिला : तू हे केलंस. हा दोष, कायद्याच्या भाषेत दोषसिद्धी. दुसरा : म्हणून इतकी वर्षं तुरुंगात जा. ही शिक्षा. अपील केल्यावर वरचं न्यायालय यातला एक तुकडा थांबवू शकतं किंवा दोन्ही.

सोसायटीच्या कर्जाचं उदाहरण घ्या. कर्ज थकलं, वसुली अधिकारी दारात आला. तुम्ही वरच्या अधिकाऱ्याकडे गेलात आणि त्याने वसुली थांबवली. ट्रॅक्टर ओढून नेणार नाहीत, घरी सुखाने जेवा. पण सोसायटीच्या फळ्यावर थकबाकीदारांची जी यादी लावली आहे, तिच्यात तुमचं नाव तसंच आहे. आणि थकबाकीदाराला सोसायटीची निवडणूक लढवता येत नाही. निवडणूक लढवायची तर वसुली थांबून भागत नाही, यादीतून नाव हटवावं लागतं, निदान तात्पुरतं तरी.

वसुली थांबणं म्हणजे शिक्षेला स्थगिती आणि जामीन. यादीतलं नाव हटणं म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती. आमदारकी लटकलेली असते ती दुसऱ्या गोष्टीवर.

केदारांना पहिली मिळाली. सत्र न्यायालयाने ३० डिसेंबर २०२३ ला तीही नाकारली होती, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारीत जामीन दिला. दुसरी मात्र मिळाली नाही. जुलै २०२४ मध्ये खंडपीठाने दोषसिद्धीला स्थगिती द्यायला नकार दिला आणि विधानसभेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा फळ्यावर नाव तसंच होतं.

इथे एक बारकावा आहे, जो बातम्यांत सहसा सुटतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा सुनावणारं न्यायालयच अपिलासाठी मुदत देऊन त्याला घरी पाठवू शकतं. शिक्षा त्याहून मोठी असेल तर त्या न्यायाधीशाच्या हातात हे नसतं. पाच वर्षंवाल्या केदारांची रवानगी थेट कोठडीत झाली आणि नाताळच्या सुट्ट्या तोंडावर असताना वकिलांची सगळी धावपळ आधी बाहेर काढण्यात गेली. दोन वर्षंवाल्या कोकाटेंना त्याच दिवशी जामीन मिळाला. पहिल्या दिवसापासून त्यांचे वकील एकाच गोष्टीमागे लागू शकले : दोषसिद्धी थांबवा.

मग कोकाटेंना ती मिळाली कशी?

कोकाटेंचं प्रकरण १९९५च्या सुमाराचं. मुख्यमंत्र्यांच्या दहा टक्के कोट्यातून नाशिकच्या कॉलेज रोड भागात सदनिका मिळवताना उत्पन्न कमी दाखवलं, कागदपत्रं खोटी दिली, असा आरोप. २० फेब्रुवारी २०२५ ला नाशिकच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा आणि पन्नास हजार रुपये दंड सुनावला. ५ मार्चला सत्र न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. त्या आदेशात पोटनिवडणुकीच्या खर्चाचा मुद्दाही आला होता आणि त्यावर बरीच टीका झाली.

इथे विरोधकांनी बोट ठेवलं ते मधल्या दोन आठवड्यांवर. केदारांची अधिसूचना एका दिवसात आणि कोकाटेंची दोन आठवड्यांत नाही? हा आक्षेप मला रास्त वाटतो. कायदा म्हणतो अपात्रता आपोआप येते, पण जागा रिक्त झाल्याचा कागद काढणारं टेबल माणसांचंच असतं. निकालाची प्रत मिळाली का, विधी विभागाचं मत आलं का, शनिवार-रविवार आहे का, अशा कारणांत दोन आठवडे सहज निघतात. केदारांच्या वेळी शनिवार आड आला नाही.

पुढे १६ डिसेंबर २०२५ ला सत्र न्यायालयाने कोकाटेंचं अपील फेटाळलं. मंत्रिपद गेलं. १९ तारखेला उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दोषसिद्धी थांबवायला नकार दिला. म्हणजे तीन दिवस कोकाटे बरोबर तिथे उभे होते जिथे केदार जानेवारी २०२४ मध्ये होते : बाहेर, पण यादीत. २२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी थांबवली, तीही आमदारकी वाचण्यापुरती. लाभाचं पद मात्र घेता येणार नाही असं सांगून. केदारांच्या निकालाला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. योगायोगच, पण सावनेरात तो कुणी ना कुणी बोलून दाखवतोच.

दोषसिद्धीला स्थगिती कधी द्यायची याचा पक्का तक्ता नाही. सर्वोच्च न्यायालय वारंवार म्हणत आलंय की ती अपवादानेच द्यावी, आणि न दिल्यास भरून न येणारं नुकसान होईल हे अर्जदाराने दाखवावं. नवज्योतसिंग सिद्धूंना २००७ मध्ये अशीच मिळाली होती. त्यांनी आधी राजीनामा दिला, मग स्थगिती घेऊन पुन्हा अमृतसरमधून उभे राहिले, हा मुद्दा त्यांच्या बाजूने गेला. राहुल गांधींच्या बाबतीत, कमाल दोन वर्षंच का दिली याची कारणं खालच्या न्यायालयाने लिहिली नाहीत, हे वरच्या न्यायालयाला खटकलं. गुन्ह्याचं स्वरूप, शिक्षेचं माप, कारणमीमांसा असं सगळं तराजूत पडतं. एका सदनिकेचा कोटा आणि शेतकऱ्यांच्या ठेवींचे दीडशे कोटी यांचं वजन सारखं पडेल अशी अपेक्षा कुणी करू नये. तरीही तराजू धरणारा हात प्रत्येक वेळी वेगळा असतो, हेही खरंच.

आणि खालच्या न्यायालयाचाच निकाल चुकला असेल तर?

हा आक्षेप केदारांचे कार्यकर्ते हमखास घेतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. न्यायदंडाधिकारी म्हणजे फौजदारी न्यायालयांची सर्वांत खालची पायरी. तिथले निकाल वर जाऊन उलटतात. उद्या अपिलात केदार निर्दोष ठरले तर? अपात्रता त्या दिवशी संपेल. पण गेलेली मुदत परत मिळणार नाही.

लक्षद्वीपचे खासदार महंमद फैजल यांचं उदाहरण पाहा. जानेवारी २०२३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, खासदारकी गेली, पोटनिवडणूकही जाहीर झाली. दोन आठवड्यांत केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धी थांबवली. तरी लोकसभेने त्यांना परत घ्यायला मार्चअखेर उजाडला, तेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला यायच्या तोंडावर. काढताना दोन दिवस, घेताना दोन महिने.

यावर तोडगा म्हणून काहीजण म्हणतात, ती खोडलेली तीन महिन्यांची ओळ परत आणा. मला वाटतं, ती आणली तर पुन्हा २०१३च्या आधीचं चक्र सुरू होईल. त्यापेक्षा लोकप्रतिनिधींची अपिलं सहा महिन्यांत निकालात काढली, तर दोन्ही बाजूंचं समाधान होईल. निर्दोष असेल तो लवकर परत येईल, दोषी असेल तो लवकर कायमचा जाईल.

सावनेरात पोटनिवडणूक का झाली नाही?

जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. पण सभागृहाची उरलेली मुदत एका वर्षापेक्षा कमी असेल तर घ्यावी लागत नाही. त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती. केदार गेले २२ डिसेंबर २०२३ ला. म्हणजे वर्ष भरायला जेमतेम महिना कमी. 

हा नियम कागदावर राहिला नाही. अकोला पश्चिमची जागा नोव्हेंबर २०२३ मध्ये आमदारांच्या निधनाने रिकामी झाली, आयोगाने पोटनिवडणूक जाहीरही केली, आणि नवा आमदार बसेपर्यंत वर्षभरही उरणार नाही म्हणून मार्च २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. दोन्ही मतदारसंघ जवळपास वर्षभर आमदाराविना राहिले.

बायकोला तिकीट ही पळवाट नाही का?

कायद्याने नाही. अपात्रता माणसाला असते, घराला नसते. २०२४च्या लोकसभेला जामिनावर असलेले केदार रामटेकमध्ये काँग्रेसच्या प्रचाराच्या अग्रभागी होते. उमेदवार रश्मी बर्वे यांचं जातप्रमाणपत्र ऐनवेळी रद्द झालं, अर्ज बाद झाला, मग पर्यायी अर्ज भरून ठेवलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उभे राहिले आणि निवडूनही आले. आमदार नसलेल्या माणसाची ताकद किती असू शकते, ते जिल्ह्याने तेव्हा पाहिलं.

सहा महिन्यांनी विधानसभेला सावनेरात पत्नी अनुजा केदार काँग्रेसच्या उमेदवार झाल्या. समोर भाजपचे आशिष देशमुख, म्हणजे २००९ मध्ये याच सावनेरात केदारांकडून थोडक्यात हरलेले. या वेळी देशमुख जिंकले. प्रचारात जिल्हा बँक होतीच. तिच्यामुळेच निकाल फिरला, की त्या निवडणुकीत राज्यभर जो वारा होता त्याने, हे मतपेटीला विचारता येत नाही.

आता ते पुन्हा कधी लढू शकतील?

दोषसिद्धीला स्थगिती मिळाली, तर त्याच दिवसापासून. अपिलात निर्दोष सुटले तरी तसंच. अपिलात शिक्षा दोन वर्षांच्या खाली आली, तरी कलम ८ची तिसरी ओळ त्यांना लागणार नाही.

यातलं काहीच झालं नाही तर हिशेब लांबतो. सहा वर्षं मोजायची ती शिक्षा भोगून सुटल्यावर. जामिनावर बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरत नाहीत. म्हणजे आज बाहेर असूनही सहा वर्षांचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. पाच अधिक सहा अशी अकरा वर्षं सहज होतात, आणि त्याच्या आधी अपिलाला लागतील ती वेगळी. एक खिडकी कायद्यात आहे : निवडणूक आयोग हा काळ कमी करू शकतो. सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांच्यासाठी २०१९ मध्ये आयोगाने सहा वर्षांची बंदी एक वर्ष एक महिन्यावर आणली होती. तमांग मात्र त्यांची वर्षभराची शिक्षा भोगून बाहेर आले होते.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर पुन्हा सांगितलं. थकबाकीदारांच्या यादीपाशी तो म्हणाला, "हां, आता समजलं." मग थोडं थांबून, "अन् बँकेच्या पैशाचं काय झालं मंग?"

ते वेगळ्या कायद्यात बसतं, म्हटलं. तुरुंग आणि आमदारकी फौजदारी खटल्यावर ठरतात. बुडालेला पैसा कुणाकडून किती वसूल करायचा, हे सहकार कायद्याच्या कलम ८८ खालच्या चौकशीतून ठरतं. त्या चौकशीची फाइल सहकार खातं, मंत्री आणि उच्च न्यायालय यांच्यात वर्षानुवर्षं फिरते आहे. १,४४४ कोटी हा आकडा तिथलाच.

"म्हणजे आमदारकी एका दिवसात," तो म्हणाला, "अन् पैशाची अजून तारीखच."